आमची काही अपेक्षा नाही

मिरजेच्या हेरंबराव सबनिसांना चेक देशातल्या मोराव्हियाच्या त्या एका फेरीतून काय मिळणार होतं, याचा हिशेब विमानात बसण्याआधीच पक्का झाला होता. तळमजल्यावरची एक ऐसपैस, दक्षिणेकडे खिडक्या असलेली खोली. तिला लागून न्हाणीघर, म्हणजे गुडघ्यांना जिन्याची भीती नाही. मागे जर्दाळूची बाग. हाकेच्या अंतरावर मुलगी, आणि मुलीच्या हाकेच्या अंतरावर तिकडचं सरकारी इस्पितळ. या सगळ्याच्या बदल्यात द्यायचं काय, तर विहीणबाईंसमोर चार दिवस गोड बोलायचं. उभी हयात विमा कंपन्यांसाठी जळक्या गोदामांचं आणि चेपलेल्या गाड्यांचं नुकसान ठरवण्यात गेलेल्या माणसाला हा सौदा चांगला दिसला, यात नवल नाही.

त्यांची मुलगी ऋजुता ब्रनो शहरात सूक्ष्मदर्शक यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होती. तिथेच तिला ओंद्रेय भेटला आणि लग्न ठरलं. ओंद्रेयची आई यार्मिला, वय चौऱ्याहत्तर, नवरा वारलेला, मुलगा एकुलता एक. शहरापासून अर्ध्या तासावरच्या खेड्यात स्वतःचं दुमजली घर. बाईंना चेक भाषेखेरीज काही येत नव्हतं. ही एवढी माहिती हेरंबरावांनी व्हिडिओ कॉलवर हसतखेळत काढून घेतली होती आणि खोलीची खिडकीही तिथेच पाहून ठेवली होती.

"बाबा, इथलं सिम घेऊन देते मी तुम्हाला," ते निघण्याआधी ऋजुता फोनवर म्हणाली. "तुमचं रोमिंग नका वापरू. पैसे मी भरते."

"काही गरज नाही. आमच्या कंपनीची रोमिंगवर बचत योजना आहे. एक पैसा जात नाही. मी सगळं वाचलंय."

सगळं वाचलं होतं हे खरं नव्हे. पहिला परिच्छेद वाचला होता. खालच्या बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'या सोयीत उच्चारापूर्वीचा अंदाज ग्राह्य धरला जाईल.' दुसऱ्यांच्या विमा पॉलिसीतली बारीक अक्षरं दाखवून ज्यांनी आयुष्यभर लोकांचे दावे कापले, त्यांनी स्वतःच्या वेळी 'मान्य आहे'वर बोट ठेवलं आणि चहा घेतला.

तर आता ती ओळ काय सांगत होती, ते पाहू.

त्या सुमारास परदेशी जाणारा जो तो गळ्यात 'कंठी' घाली. बोटभर रुंदीची मऊ पट्टी, आतून बारीक संवेदक. माणूस ओठांनी बोलतो असा आपला समज असतो. पण वाक्य ओठांपर्यंत येण्याच्या बरंच आधी मेंदूचे हुकूम घशाच्या आणि जिभेच्या मुळाच्या स्नायूंपर्यंत पोचलेले असतात. नुसतं मनात वाचलं तरी तिथे अतिमंद वीज थरथरते. कंठी ती थरथर वाचते, फोन तिचं भाषांतर करून समोरच्याच्या भाषेत बोलतो, आणि समोरच्याचं बोलणं ऐकून आपल्या भाषेत सांगतो. पुरुषाचं वाक्य पुरुषी आवाजात, बाईचं बाईच्या.

एरवी कंठी दोन साक्षी घेते. घसा काय म्हणाला आणि कानावर प्रत्यक्ष काय आलं. दोन्ही जुळलं तरच फोन तोंड उघडतो. पण आपल्या कंपनीचं सिम घेऊन परदेशी गेलं, की आपला आवाज आधी समुद्र ओलांडून मायदेशी कंपनीच्या यंत्रांकडे जातो, तिथे ताडून पाहिला जातो आणि मग परत येतो. त्यात वेळ जातो, आणि वेळेपेक्षा जास्त डेटा जातो. 'बचत' योजनेची युक्ती अगदी साधी होती: आवाज पाठवायचाच नाही. फोनच्या स्वतःच्या तुटपुंज्या बुद्धीला दोन साक्षी ताडण्याचं बळ नव्हतं, म्हणून दुसरी साक्ष काढून टाकली. घसा म्हणेल ते प्रमाण.

आता मनात येणारं सगळंच काही घशापर्यंत येत नाही. भटके विचार तिथवर पोचत नाहीत. पोचतं ते फक्त समोरच्या माणसाला उद्देशून जुळवलेलं आणि ऐन वेळी गिळून टाकलेलं वाक्य. परदेशात बाकीच्या देशांच्या लोकांना या योजनेचा फारसा त्रास झाला नाही. वाक्यं गिळण्यात मात्र आपल्या माणसांचा हात कोण धरणार!

ओंद्रेयनं हेरंबराव आणि त्यांच्या पत्नी वृंदाताई, दोघांना गाडीतून आईच्या घरी सोडलं आणि तो कामावर परत गेला. ऋजुता कुठल्याशा गावी यंत्र बसवायला गेली होती, ती शनिवारी येणार होती. तिनं तीन शब्द पाठ करून घेतले होते: नमस्काराला 'दोब्री देन', आभाराला 'द्येकुयी' आणि होकाराला 'आनो'.

"आणि नाही म्हणायचं असेल तर?" वृंदाताईंनी विचारलं होतं.

"पाहुण्यानं नाही म्हणायचंच कशाला?" हेरंबराव म्हणाले होते. विषय तिथेच संपला. हेरंबराव म्हणाले की विषय संपत. वृंदाताईंचं ठरलेलं उत्तर होतं, 'तुम्ही म्हणाल तसं.' तीस वर्षं त्या एका वाक्यावर तो संसार बिनतक्रार चालला होता. निदान हेरंबरावांच्या नोंदीत तक्रार नव्हती.

यार्मिलाबाई उंच, हाडापेरानं मजबूत. दारातच त्यांनी दोघांचे बूट काढायला लावले आणि लोकरीच्या सपाता दिल्या. बूट बाहेर काढणारं घर पाहून हेरंबरावांना एकदम घरच्यासारखं वाटलं. दोघांच्या गळ्यात कंठ्या होत्याच; फोन टेबलाच्या मधोमध मिठाच्या भांड्याला टेकवला, आणि जेवण आलं. पिठाच्या मऊ गोळ्यांत आख्खा जर्दाळू, वरून चुरलेलं पनीर, साखर आणि पातळ लोणी.

"अगं, हे तर आपले मोदक!" हेरंबरावांनी चार संपवले. यार्मिलाबाईंनी पातेलं पुढे केलं. आपल्या रीतीप्रमाणे हेरंबरावांनी ताटलीवर आडवा हात धरला. "नको नको, विहीणबाई. खरंच पोट भरलं."

फोन चेकमध्ये म्हणाला, "आणखी तीन वाढा, आणि लोण्याला हात आखडू नका."

यार्मिलाबाई खो खो हसल्या, तीन वाढले, लोणी ओतलं. हेरंबराव भारावले. "बघ, आग्रह म्हणजे काय ते यांना कळतं. नको म्हटलेलं ऐकलंसुद्धा नाही."

मग वृंदाताईंनी बॅगेतून साडी काढली. मोरपंखी आणि केशरी अशा, एकमेकांशी न बोलणाऱ्या रंगांची. आपल्याकडे अशी एक साडी प्रत्येक घरात असते. ती नेसायची नसते, आहेरातून पुढे पाठवायची असते. वृंदाताई गोड हसल्या. "खास तुमच्यासाठी घेतली हो."

फोन बाईच्या आवाजात म्हणाला, "मला नणंदेनं दिली. तिला तिच्या जावेनं दिली होती. कुणालाच हा रंग आवडला नाही."

यार्मिलाबाईंनी साडीवरून हात फिरवला. त्यांचं उत्तर फोननं मराठीत सांगितलं: "म्हणजे हिनं माझ्यापेक्षा जास्त घरं पाहिली. आता इथे विसावू दे. आणि नणंदेला माझा नमस्कार सांगा."

"नणंदेला? सुलूला कशी ओळखतात या?" हेरंबरावांनी विचारलं.

"मी कॉलवर बोलले असेन कधीतरी," वृंदाताई म्हणाल्या. हसू ओठांवर तसंच राहिलं होतं, पण चेहरा उतरला होता. हात गळ्याशी गेला. बोटांनी कंठीची कडी चाचपली. हेरंबराव सातवा गोळा फोडण्यात गुंतले होते. कडी उघडली असती तर ही गोष्ट साडीपाशीच, हसण्यावारी संपली असती.

वृंदाताईंनी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी हेरंबराव घराभोवती फेरी मारून आले. छत नवं, भिंतींना ओल नाही, खिडक्या दुहेरी काचांच्या. मागच्या अंगणात दोघी बाया टोपलीभर जर्दाळू घेऊन बसल्या होत्या. बिया काढायच्या, फोडी मोठ्या पातेल्यात टाकायच्या. मधे पाटावर फोन. हेरंबरावांनी तो मोठ्या मनानं त्यांच्या हवाली केला होता. बायकांचं जमलं की निम्मं काम होतं, असा त्यांचा अंदाज.

वरच्या गॅलरीतून त्यांना एक गंमत दिसली. वृंदाताई तोंड मिटून जर्दाळू चिरत होत्या, आणि फोन अखंड बोलत होता. बाईचा आवाज, चेक भाषा. मधेच यार्मिलाबाई काही विचारत, फोन ते मराठीत सांगे, वृंदाताई नुसती मान हलवत आणि फोन पुन्हा सुरू होई. 'नेट मागे पडतंय,' हेरंबराव मनाशी म्हणाले. 'सकाळचं आत्ता सांगतोय.'

एक-दोन वाक्यं वरपर्यंत आली.

"मग पणजीला तू गेली का नाहीस?"

आणि थोड्या वेळानं, "भरलेली बॅग मग रिकामी केलीस, की तशीच आहे?"

हेरंबराव खाली उतरले. "काय, गोव्याच्या गप्पा? विहीणबाईंना म्हणावं, नक्की या. आपण सगळं दाखवू."

"हो," वृंदाताई म्हणाल्या.

फोन काहीतरी लांबलचक बोलला. यार्मिलाबाईंनी हेरंबरावांकडे पाहिलं आणि चाकू खाली ठेवला. "माझी बहीण पण अशीच होती," फोन मराठीत म्हणाला. हेरंबरावांनी बहिणीलाही गोव्याचं आमंत्रण दिलं.

पणजीची गोष्ट त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी वृंदाताईंना पणजीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नेमणूक आली होती. ती त्यांनी नवऱ्याला दाखवलीच नाही. बॅग भरली, बसचं तिकीट काढलं, माहेरी जाते म्हणून सांगायचं ठरवलं. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पेढे मागितले. पुढे ऋजुता झाली. बॅग माळ्यावर गेली. हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला नाही, कुणालाच नाही. आता जर्दाळूची टोपली संपेपर्यंत, ओठ न हलवता, न कळणाऱ्या भाषेत त्या सगळं सांगत राहिल्या. बोलायचं पाप आपल्या माथी नाही आणि बोलल्याचं सुख मात्र मिळतंय, असा सौदा त्यांनाही पहिल्यांदाच मिळत होता.

हेरंबरावांचीही खोलीची मोहीम जोरात होती. संध्याकाळी त्यांनी यार्मिलाबाईंना घर दाखवायची विनंती केली.

"घर फार सुरेख राखलंय तुम्ही एकटीनं," ते म्हणाले.

फोन चेकमध्ये म्हणाला, "खालची खोली रिकामी आहे का? आम्ही दोघं तिथे कायमचं मावू."

यार्मिलाबाई थबकल्या. "खालची खोली बघायची आहे तुम्हाला?"

हेरंबरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्वतः विषय काढला बाईंनी! खोली पाहिली. खिडकी पाहिली, न्हाणीघराची रुंदी नजरेनं मोजली. "तुमची तब्येत मात्र ठणठणीत दिसते," ते कौतुकानं म्हणाले.

"आणखी किती वर्षं काढाल?" फोननं विचारलं. "तुमच्यामागे सगळं मुलाच्याच नावे होईल ना?"

यार्मिलाबाईंनी दिवा मालवला. फोन मराठीत म्हणाला, "माझी आई शहाण्णवाव्या वर्षी गेली. आजी त्याहून उशिरा."

"वा, वा! दीर्घायुषी घराणं!" हेरंबराव म्हणाले. त्यावर फोन काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. यार्मिलाबाई त्या रात्री जेवताना त्यांच्याशी बोलल्या नाहीत. थकल्या असतील, असं हेरंबरावांनी ठरवलं.

झोपण्यापूर्वी कंठ्या चार्जिंगला लावताना ते म्हणाले, "उद्या ऋजुता आणि तो आले की मी रीतसर बोलणार. आपण काही मागायचं नाही. आपण नुसतं म्हणायचं, आमची काही अपेक्षा नाही. मग बाई आपणहून देतील. तुला काय वाटतं?"

वृंदाताई चादर सारखी करत होत्या. त्यांना पुरतं ठाऊक होतं फोन काय करतो ते. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य सांगितलं असतं, तर उद्या कंठी उतरली असती, आणि अंगणातली ती मिटल्या तोंडाची मैफल संपली असती. शिवाय माणसानं एवढं चांगुलपण कुठून आणावं? हेरंबरावांचं पोटातलं एकदा सगळ्यांना ऐकू जाईल, यात वृंदाताईंना गोड वाटावं असं पुष्कळ होतं.

"तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी जर्दाळूखाली टेबल मांडलं. ऋजुता आली ती धावतच, आईच्या गळ्यात पडली. "अय्या, दोघांच्या गळ्यात सारखी कंठी! आई, बाबांनी चक्क दागिना घेतला तुला?" ओंद्रेयनं वाकून नमस्कार केला, ऋजुतानं शिकवला होता तसा. सूप झालं. हेरंबराव उभे राहिले. घसा साफ केला.

"विहीणबाई, ओंद्रेय. आम्ही साधी माणसं. मुलगी सुखात असली की झालं. आमची काही अपेक्षा नाही."

फोन बोलू लागला. बोलतच राहिला. एवढ्याशा वाक्याला चेकमध्ये इतके शब्द लागतात हे पाहून हेरंबरावांना त्या भाषेबद्दल थोडी कणवच आली. ऋजुताचा चमचा हवेत थांबला होता. ओंद्रेयचे कान लाल झाले. यार्मिलाबाई मात्र शांत होत्या, आधी पाहिलेलं नाटक पुन्हा पाहावं तशा.

"बाबा," ऋजुता म्हणाली, "काय बोललात तुम्ही हे?"

"मी? मी म्हटलं, काही अपेक्षा नाही."

"फोन काय म्हणाला सांगू?" तिनं चमचा खाली ठेवला. "फोन म्हणाला, मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च केला, तो कुठेतरी वसूल व्हायला हवा. मुलगा बेताचाच आहे, मिरजेत याहून चांगलं स्थळ मिळालं असतं, पण तिथे तळमजल्याची खोली मिळाली नसती. वृंदा इथे स्वयंपाक करील, म्हणजे तुमचा कामवालीचा पगार वाचेल, आमचं भाडं फिटेल. आणि तुम्ही काही फार दिवस... पुढचं मी नाही सांगत, बाबा."

'मी असं म्हणालोच नाही,' हे हेरंबरावांच्या ओठांवर होतं. पण शब्द न् शब्द त्यांचा होता. स्वतःच्या गाडीचे अवशेष दुसऱ्याच्या फोटोत ओळखावेत, तसे त्यांनी ते ओळखले. त्यांना ते जास्तीचे तीन गोळे आठवले, बाईंची शहाण्णव वर्षांची आई आठवली, नणंदेला सांगितलेला नमस्कार आठवला. हात झटक्यानं गळ्याकडे गेला, कंठी निघाली. मग ते हळूच बायकोकडे वळले.

"तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार?" वृंदाताई म्हणाल्या.

"आनो," फोन म्हणाला. बाईच्या आवाजात, स्वच्छ.

हेरंबरावांना येणाऱ्या तीन शब्दांपैकी तो एक होता.

"आई!" ऋजुता ओरडली. "तू यांना बोलू दिलंस? सगळ्यांसमोर? ओंद्रेयसमोर?"

आणि इथे यार्मिलाबाईंनी ती चूक केली जी फक्त चांगली माणसं करतात. त्यांनी ऋजुताच्या हातावर हात ठेवला आणि त्या तिला चेकमध्ये काही समजावू लागल्या. फोन इमानदारीनं ते मराठीत सगळ्यांना ऐकवत गेला: "आईला दोष देऊ नकोस. तिनं तुझ्यासाठी पणजी सोडली. बॅग भरलेली होती. तू पोटात आलीस म्हणून ती राहिली. मला तिनं स्वतः सांगितलं."

"कुठली पणजी?" हेरंबराव म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

ऋजुता आईकडे पाहत होती. लहानपणी पडून आल्यावर, रडायचं की नाही हे ठरवण्यासाठी आईचा चेहरा पाहायची, तशी.

"आई, मी झाले नसते तर तू गेली असतीस?"

वृंदाताई काही बोलल्या नाहीत. फोनही बोलला नाही. घसासुद्धा गप्प राहील असा प्रयत्न त्या जिवाच्या करारावर करत होत्या. बोटं कंठीच्या कडीवर होती, आणि ती इवलीशी कडी घामेजल्या बोटांतून सटकत होती.

"मग मी नको होते का तुला?"

"नाही गं बाळा," वृंदाताई घाईनं म्हणाल्या, "असं कधी असतं का..."

"आनो," फोन म्हणाला.

आता यातलं शास्त्र सांगायला हवं, कारण त्या टेबलावर ते सांगणारं कुणी नव्हतं. असा प्रश्न कानावर पडला, की घशात एकदम दोन उत्तरं उठतात. 'हो' आणि 'नाही' दोघंही दाराशी येतात, आणि माणूस त्यातलं एक निवडतो. ही निवड म्हणजेच माणूस. कंठी निवडीसाठी थांबत नाही. पहिलं जे पोचेल ते उचलते. पहिलं आलं म्हणून ते खरं असतं असं मुळीच नाही. कधी ती नुसती भीती असते, कधी पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका वाईट दुपारची उरलेली थरथर. वृंदाताईंनी हे समजावून सांगितलं असतं, तर मराठीत सांगितलं असतं. आणि आईच्या मराठीवरचा ऋजुताचा विश्वास नुकताच, सगळ्यांच्या देखत, उडाला होता.

कडी अखेर उघडली. कंठी टेबलावर सुपाच्या ताटलीशेजारी पडली. ऋजुतानं फोन उचलला आणि बंद केला. मग ती उठली आणि एकावर एक ताटल्या रचू लागली.

निघायच्या दिवशी ओंद्रेयनं बॅगा गाडीत ठेवल्या. तो सभ्य मुलगा होता. हेरंबरावांकडे त्यानं पाहिलं नाही इतकंच. फोन बंद होता, कंठ्या बॅगेच्या तळाशी. यार्मिलाबाई दारात आल्या. वृंदाताईंचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले आणि सावकाश, एकेक शब्द तोडून, काही सांगितलं. तळमजल्याच्या खिडकीकडे बोट केलं. मग ऋजुताकडे वळून, हे आईला सांग, अशी खूण केली.

त्या म्हणाल्या होत्या ते असं: "खालची खोली तुझी. तुझी एकटीची. तो परत गेला तरी तू राहा, किंवा जा आणि मनात येईल तेव्हा ये. बॅग तर भरलेलीच आहे तुझी."

वृंदाताईंनी लेकीकडे पाहिलं. "काय म्हणाल्या गं त्या?"

ऋजुताचा घसा हलला. गळ्यात कंठी नव्हती, त्यामुळे काय गिळलं ते कुणाला कळलं नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "प्रवास नीट करा म्हणाल्या."

"द्येकुयी," वृंदाताई यार्मिलाबाईंना म्हणाल्या. हा शब्द त्यांना येत होता. यार्मिलाबाईंना वाटलं, उत्तर मिळालं. आणि त्यांनी त्याच दिवशी खालच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली.

मिरजेत पोचल्यावर हेरंबरावांनी एकदा कंठी बाहेर काढली. सेटिंगमध्ये शोधलं तर 'बचत' घरातसुद्धा चालू करता येत होती. वृंदाताई स्वयंपाकघरात होत्या. कंठी हातात घेऊन ते दारापर्यंत गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जळक्या घरात बेधडक शिरलेला माणूस तो. उंबऱ्यावर थोडा वेळ थांबला आणि परत फिरला. या नुकसानीची पाहणी करायची त्यांची छाती झाली नाही.

"भाजी काय करू?" आतून विचारणा झाली.

"तुझ्या मनात असेल ते कर," ते म्हणाले. असं ते पूर्वी कधी म्हणाले नव्हते.

"तुम्ही म्हणाल तसं," वृंदाताई म्हणाल्या.

लग्न हिवाळ्यात ब्रनोच्या नगरपालिकेत झालं. साक्षीदार म्हणून यार्मिलाबाई आणि ओंद्रेयचा एक मित्र. फोटो आला. यार्मिलाबाईंनी मोरपंखी-केशरी कापडाचा गळपट्टा केला होता, आणि तो त्यांना शोभत होता. ऋजुता दर रविवारी मेसेज करते. लिहून. फोन करत नाही. तब्येत बरी आहे, कामं चालू आहेत, थंडी फार आहे. वृंदाताई त्याला जपून, दोनदा वाचून उत्तर लिहितात. माळ्यावरची बॅग त्यांनी एके दिवशी खाली काढली, आतल्या साड्यांना बसलेले डाग पाहिले, आणि भांडेवालीला देऊन एक गाळणी घेतली.

फोनचं बिल प्रवासाच्या त्या महिन्याअखेरीसच आलं होतं. हेरंबरावांनी चष्मा लावून वरून खालपर्यंत पाहिलं, या खेपेला बारीक अक्षरांसकट. परदेश रोमिंग: शून्य. कुणाचं किती गेलं, ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं. हेरंबरावांची खोली गेली, ती त्यांची कधी नव्हतीच. वृंदाताईंची खोली गेली, आणि ती आपली झाली होती हे त्यांना कळलंही नाही. बाकी जे देणं निघालं, ते या दोघांनी मिळून केलेलं होतं.

ऋजुता आधीच म्हणाली होती, बाबा, पैसे मी भरते. भरलं तिनंच.